प्रोस्टेट कॅन्सर : हार्मोन थेरपीबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

वडील ७१ वर्षांचे. वाळवा तालुक्यात गावी असतात, ऊस आणि थोडं सोयाबीन, अजून रोज रानात जातात. दिवाळीपासून कंबर दुखत होती, मणक्याचं म्हणून शेक आणि गोळ्या चालू होत्या, मग लघवीला त्रास व्हायला लागला म्हणून कोल्हापूरला दाखवलं. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १८६ आला. बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा) ४+४, आणि पीएसएमए पेट स्कॅनमध्ये मणका, कंबरेचं हाड, दोन बरगड्या आणि मांडीच्या हाडात पसरलंय. शुगर आहे, बीपीची गोळी आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

कोल्हापूरच्या युरॉलॉजिस्टनी दोन पर्याय दिले, एकतर वृषणं काढायचं ऑपरेशन नाहीतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पुण्यात एका ऑन्कॉलॉजिस्टना रिपोर्ट दाखवले तर ते म्हणाले इंजेक्शन अधिक गोळ्या अधिक केमो. दोघंही भले वाटले पण दोघांकडे मिळून दहा मिनिटं मिळाली असतील. पुढच्या आठवड्यात ठरवून या म्हणालेत. मी आयटीवाला माणूस, रात्री दोन वाजेपर्यंत वाचतोय आणि जास्तच गोंधळतोय.

आणि एक. थोरले काका म्हणतायत दादाला काही सांगू नका, गाठीचं ऑपरेशन आहे म्हणायचं आणि सही घ्यायची. आई गप्प आहे. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा, डॉक्टरांसमोर बसल्यावर काय काय विचारू?

रानजाई

वाचून वाईट वाटलं. बाबांना लवकर आराम पडो. इथे जाणकार आहेत, येतीलच.

निवृत्त_सर्जन

कृष्णाकाठ, मी युरॉलॉजीत आयुष्य घालवलंय, आता प्रॅक्टिस करत नाही. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता समजून घेण्यासाठी वाचा.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला दोन डॉक्टरांचं वेगवेगळं मत समजताय ते तसं नाही. इथे प्रश्नच दोन आहेत. एक, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कसं बंद करायचं? ऑपरेशनने की इंजेक्शनने? दोन, त्याच्या जोडीला आणखी काय द्यायचं? कोल्हापूरचे डॉक्टर पहिल्या प्रश्नाचं बोलले, पुण्याचे दोन्हींचं. ऑपरेशन केलं तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच, हे नीट लक्षात घ्या, कारण ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं समजून पुढे काहीच न करणारे खूप पेशंट मी पाहिलेत.

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर वाढतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉनचा बहुतेक भाग वृषणांत तयार होतो, थोडा किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींतून येतो आणि कॅन्सरच्या पेशीही पुढे पुढे स्वतःचं बनवायला शिकतात. म्हणून नुसतं वृषणांचं बंद करणं काही काळ छान चालतं, नंतर आजार वाट काढतो. २०१५ मध्ये चार्टेड नावाच्या अभ्यासात सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल ही केमो जोडली तर जास्त पसरलेल्या पेशंटना मोठा फायदा दिसला, २०१७ मध्ये लॅटिट्यूड आणि स्टॅम्पीड या दोन अभ्यासांत अ‍ॅबिराटेरॉनच्या गोळ्यांचा तसाच फायदा दिसला. तेव्हापासून तब्येत बरी असलेल्या माणसाला नुसतं इंजेक्शन किंवा नुसतं ऑपरेशन पुरेसं धरत नाहीत.

आता इंजेक्शनं. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही एका गटातली. ही सुरू केली की पहिला आठवडा दीड आठवडा टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग कोसळतं. त्याला फ्लेअर म्हणतात. मणक्यात आजार असलेल्या माणसाला हा फ्लेअर धोक्याचा, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून आधीपासून बायकॅल्युटामाइड ही टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी देऊन ठेवतात. डेगारेलिक्स दुसऱ्या गटातलं, त्यात फ्लेअर नाही, तीन दिवसांत पातळी खाली येते, पण ते महिन्याला घ्यावं लागतं आणि पोटावर जिथे टोचतात तिथे लाल होऊन दुखतं. ऑपरेशनने तर काही तासांतच पातळी पडते.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न हा: "मणक्यात आजार आहे, फ्लेअरची काय काळजी घेणार?"

आणि हे आजच घरी सांगून ठेवा. पायात कमजोरी आली, मुंग्या-बधिरपणा वाढला, लघवी किंवा संडासचा ताबा गेला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या.

मिरजेची_लेक

सर्जनसाहेबांनी छानच लिहिलंय. आमचा अनुभव सांगते.

माझ्या सासऱ्यांनी ऑपरेशनच निवडलं. "निवडलं" म्हणतेय कारण डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, आम्हाला नव्हे. गाव जतच्या पुढे, दर तीन महिन्यांनी इंजेक्शनला यायचं म्हणजे एक माणूस बरोबर, दिवस मोडतो, पाऊस असला की एसटीचा भरवसा नाही. सासरे म्हणाले एकदाच काय ते करून टाका, मला आता मुलं व्हायची नाहीत. कंबरेत भूल देऊन केलं, दुसऱ्या दिवशी घरी. शिवाय डॉक्टरांनी वरचं आवरण ठेवून आतला भागच काढला त्यामुळे बाहेरून अगदी रिकामं दिसत नाही. तशी पद्धत आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. ज्यांना त्याचं वाटेल त्यांनी जरूर विचारा.

पाठदुखी इतकी लवकर कमी झाली की सासूबाईंना खरं वाटेना. पुढे गोळ्याही सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत.

पर्वती_चढणारा

मी स्वतः पेशंट. वय ६८. माझं मत मिरजेच्या ताईंपेक्षा वेगळं आहे.

ऑपरेशन वाईट नाही, पण ते परत फिरवता येत नाही एवढं लक्षात असू द्या. मला दोन्ही पर्याय दिले होते, मी इंजेक्शन घेतलं. मला गरज पडली तर थांबवता येईल एवढा दरवाजा उघडा हवा होता. माझ्यासारखे काही लोक असतात ज्यांचा फक्त पीएसए वाढलाय, स्कॅनमध्ये कुठे काही नाही, त्यांना डॉक्टर मधेमधे इंजेक्शन थांबवून लक्ष ठेवतात. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचा आजार हाडांत आहे त्यामुळे त्यांना हे लागू होईलच असं नाही, पण विचारून घ्या.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगतो. गरम वाफा येतात. जानेवारीत पहाटे घामाने बनियन भिजतो. वजन पोटावर वाढतं, दंड आणि मांड्या बारीक होतात. छाती थोडी भरते. दुपारी दोननंतर अंगातला जीव गेल्यासारखं वाटतं. आणि लैंगिक इच्छा जाते, म्हणजे अगदी जाते. मी आधी समजत होतो की फक्त ताकद जाईल. इच्छाच उरत नाही हे फार वेगळं आहे, आणि ते बायकोला आधी माहीत असायला हवं नाहीतर तिला वाटतं आपलंच काही चुकलं.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात. गरम वाफांना गोळी आहे. पण तुम्ही तोंड उघडलं तरच डॉक्टर देणार.

सौ_कारभारीण

पर्वती_चढणारा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार.

आमच्याकडे इंजेक्शन चालू झाल्यावर हे जाहिरात बघून रडायला लागायचे. ज्या माणसाने आपल्या वडिलांच्या दिवसालाही डोळ्यातून पाणी काढलं नाही तो माणूस बिस्किटाची जाहिरात बघून रडतोय. मला वाटलं आता हे मनाने खचले, संपलं सगळं. पुढच्या भेटीत मी डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, हो, हार्मोनमुळे होतं असं. हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

बाकी गरम वाफांचं म्हणाल तर आमच्या घरी पूर्वी मी पंखा पाचवर करायचे आणि हे बंद करायचे. आता दोघांचं एकमत आहे. :)

कृष्णाकाठ, आईला पण डॉक्टरांकडे घेऊन जा. बाहेर बाकावर नाही, आत.

कोकणातला_बाबू

पंख्यावर एकमत =)) असा संसार सगळ्यांना लाभो.

निसर्गपुत्र

एवढी केमिकल शरीरात घालण्यापेक्षा लक्ष्मणफळाचा रस सुरू करा. कॅन्सर साखरेवर जगतो, साखर आणि दूध बंद केलं की उपाशी मरतो. माझ्या परिचितांचा पीएसए यानेच खाली आला. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

निवृत्त_सर्जन

निसर्गपुत्र, तुमचा हेतू चांगला असेल पण ज्याच्या मणक्यात कॅन्सर आहे त्याला रस पाजून वाट बघायला लावणं म्हणजे त्याचे पाय धोक्यात घालणं आहे. लक्ष्मणफळाने किंवा साखर-दूध तोडून माणसाचा प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात आल्याचा कुठलाही भरवशाचा पुरावा नाही. पीएसए खाली आलेल्या तुमच्या परिचितांचं इंजेक्शन चालू होतं का एवढं फक्त विचारून बघा.

कृष्णाकाठ, कुणी काही चूर्ण, काढा दिला तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. अ‍ॅबिराटेरॉन चालू असताना यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, त्यात काढ्यामुळे आकडे वाढले तर चांगलं चालणारं औषध विनाकारण बंद करायची वेळ येते. दूध तर मुळीच तोडू नका, हाडांना कॅल्शियम हवंय.

निसर्गपुत्र

मी फक्त माहिती दिली. घ्यायची तर घ्या.

औषधवाला_सदाशिव

मी फार्मासिस्ट. गोळ्यांबद्दल थोडं, कारण काउंटरवर रोज तेच तेच गोंधळ बघतो.

अ‍ॅबिराटेरॉन नेहमीच्या पद्धतीने दिवसाला १००० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी. म्हणजे खाल्ल्यानंतर किमान दोन तासांनी, आणि घेतल्यावर एक तास काही खायचं नाही. जेवणाबरोबर घेतली तर रक्तात कितीतरी पट जास्त शोषली जाते. याच गुणाचा उपयोग करून २५० मिलिग्रॅम कमी फॅटच्या नाश्त्याबरोबर द्यायची असा अभ्यास २०१८ मध्ये आला आणि काही डॉक्टर खर्च परवडावा म्हणून ती पद्धत वापरतात. पण हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरच!! एक काका पूर्ण डोस पोह्यांबरोबर घेत होते, नशीब लवकर लक्षात आलं.

याच्यासोबत प्रेडनिसोलोन असतं ते बंद करायचं नाही. ते स्टेरॉइड आहे, तुमच्या वडिलांना शुगर आहे म्हणजे शुगर वाढणार, तिच्या औषधात बदल लागू शकतो. बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, पायाला सूज येते. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी तपासण्या सांगतात त्या टाळू नका.

दुसऱ्या गोळ्याही आहेत. एन्झाल्युटामाइडला स्टेरॉइड लागत नाही, पण थकवा जास्त, म्हातारी माणसं पडतात, आणि पूर्वी फिट आली असेल तर ती नको. अ‍ॅपाल्युटामाइडने काहींच्या अंगावर पुरळ येतं, थायरॉइड बघावं लागतं. डॅरोल्युटामाइड मेंदूत कमी जाते पण महाग. सगळ्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात, यातली एक. शुगर-बीपीच्या चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा, काही गोळ्या एकमेकींशी भांडतात.

आणि जेनेरिक कुठलं चालेल ते नाव घेऊन विचारा, अ‍ॅबिराटेरॉनच्या ब्रँडच्या किमतींत प्रचंड फरक आहे.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या नवऱ्याचे उपचार चालू आहेत. त्याला रेलुगोलिक्स ही रोजची गोळी आहे, इंजेक्शन नाहीच. ती पण डेगारेलिक्सच्या गटातली, फ्लेअर नाही. बंद केली की टेस्टोस्टेरॉन लवकर परत येतं, हा फायदाही आणि तोटाही, कारण गोळ्या विसरून चालत नाही. भारतात तुमच्या डॉक्टरांकडे हा पर्याय आहे का ते विचारा.

इथे एक खास नर्स नेमून दिलेली असते, डॉक्टरांकडे राहिलेले प्रश्न तिला फोन करून विचारता येतात. तुमच्याकडे ती सोय नसेल तर निदान एवढं करा: प्रश्न मराठीत कागदावर लिहून न्या, महत्त्वाचे तीन सगळ्यात वर, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. धास्तावलेल्या माणसाला निम्मं ऐकू येत नाही, घरी येऊन पुन्हा ऐकता येतं.

टिळक_टर्मिनस

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी पेशंटच्या नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करतो.

वडील ७१ म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला स्पष्ट विचारा की ऑपरेशन बसतं का, इंजेक्शन बसतं का, कुठली गोळी बसते, केमो बसते का. सगळं एकत्र "कॅन्सर कव्हर आहे का" असं विचारलंत तर हो म्हणेल आणि नंतर बिलाच्या वेळी वाद होतील. डॉक्टर ठरवायच्या आधी विचारा, कारण कधी कधी योजनेत काय बसतं यावरून इंजेक्शन की ऑपरेशन ठरतं, ही वस्तुस्थिती आहे.

परळला टाटा मेमोरियलचं मत हवं असेल तर आधी घरबसल्या रिपोर्ट पाठवून मत घेता येतं, त्यासाठी नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' (Navya) ही ऑनलाइन सेवा आहे. प्रत्यक्ष जायची वेळ आलीच तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, टाटाचं पत्र लागतं आणि गर्दी असते, तेव्हा जाण्याआधी फोन.

कोकणातला_बाबू

धागा संग्रही ठेवावा असा झालाय. माझा एक भाबडा प्रश्न, ऑपरेशनने एकदाच काम होतं आणि इंजेक्शनने जन्मभर, तर परिणाम सारखाच असताना लोक इंजेक्शन का घेतात?

पर्वती_चढणारा

बाबूशेठ, तुमच्यावर आली की कळेल असं म्हणणार होतो पण ते बरोबर नाही. सरळ उत्तर देतो. पुरुषाला आपल्या शरीरातला तो भाग जाणं कमीपणाचं वाटतं. वाटू नये असं म्हणणं सोपं आहे. मला वाटलं. मी त्याची लाज बाळगत नाही, आणि ज्याला नाही वाटलं त्याचंही बरोबरच आहे. पैसे, प्रवास, मन, तिन्ही ज्याच्या त्याच्या घरी वेगळे. म्हणून तर ज्याचं शरीर त्याने ठरवायचं.

आणि त्यावरूनच, कृष्णाकाठ, तुमच्या काकांचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. गाठीचं ऑपरेशन सांगून माणसाला टेबलावर झोपवायचं आणि उठल्यावर त्याला कळायचं की काय काढलं? माझ्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

जुनं_खोड

पर्वतीवाले, जरा सबुरीने. काकांच्या जागी राहून बघा. आमच्या पिढीत कॅन्सर शब्द उच्चारला की माणूस खाट धरायचा. माझ्या मोठ्या भावाला आम्ही सांगितलं नाही, तो शेवटपर्यंत हसतखेळत होता. सगळ्यांना सगळं सांगायलाच पाहिजे हे शहरी खूळ आहे.

मिरजेची_लेक

जुनं खोड काका, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, तुमचा हेतू मायेचाच होता यात शंका नाही. पण इथे फरक आहे. या उपचारात माणसाच्या अंगात इतके बदल होतात, वाफा, छाती, इच्छा, रडू, की न सांगितलेला माणूस वेगळ्याच शंकेने झुरेल. आणि हे दोन-चार आठवड्यांचं नाही, वर्षानुवर्षं चालणारं आहे, गोळ्या त्यालाच घ्यायच्यात. न सांगता इतकी वर्षं कोण लपवणार?

निवृत्त_सर्जन

शिवाय कायद्याने सज्ञान माणसाची संमती त्याचीच लागते, आणि ती खोटं सांगून घेतली तर ती संमतीच नाही. काका म्हणाले तरी कुठलाही शहाणा सर्जन हे करणार नाही.

सांगायचं कसं हा खरा प्रश्न. माझी पद्धत अशी होती, आधी पेशंटलाच विचारायचं, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं? तुम्हाला सगळं सांगू की मुलाला सांगू?" दहातले बहुतेक जण म्हणायचे, मलाच सांगा. जो म्हणायचा मुलाला सांगा, त्याच्यावर आम्ही लादत नसू, पण वृषणं काढायची असतील तर तेवढं मात्र त्याला सांगायचंच.

हाडवैद्य_नाही_फिजिओ

उशिरा आले. व्यायामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हार्मोन बंद झाले की हाडं ठिसूळ होतात आणि स्नायू झडतात, ते थांबवायला चालणं चांगलं पण पुरत नाही, थोडं वजन उचलण्याचा, उठाबशांसारखा व्यायाम लागतो. मात्र मणक्यात आणि मांडीच्या हाडात आजार आहे तोवर मनाने काही सुरू करू नका!! मांडीच्या हाडाचा एक्स-रे दाखवून डॉक्टरांना विचारा, वजन पेलेल का? खताची पोती, पाण्याच्या मोटरी उचलणं तूर्तास बंद. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) कधी करायचा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, हेही तुमच्या यादीत घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांतून एक पानभर यादी केली. जायच्या आदल्या रात्री आईनेच विषय काढला, म्हणाली मी सांगते त्यांना, आणि मला बाहेर जायला सांगितलं. काय बोलले माहीत नाही. सकाळी बाबांनी मला एवढंच विचारलं, मांडीपर्यंत गेलंय का रे? काकांना मी अजून काही बोललो नाहीये, बाबाच बोलतो म्हणालेत.

डॉक्टरांकडे तिघंही आत गेलो. पुण्याच्याच ऑन्कॉलॉजिस्टकडे गेलो, आणि त्यांनी कोल्हापूरच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावला. दोघांचं दोन मिनिटांत जमलं. फ्लेअरचं विचारल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, कुणी डॉक्टर आहे का घरात? पहिली दोन इंजेक्शनं डेगारेलिक्सची त्याच वेळी पोटावर दिली. पुढे कायमचं काय करायचं ते बाबांवर सोडलंय, महिन्याभराने सांगा म्हणाले. बाबांचा कल ऑपरेशनकडे दिसतोय, ऊसतोडीच्या वेळी मला इंजेक्शनच्या वाऱ्या नकोत म्हणतात. आवरण ठेवून करायच्या पद्धतीचं आईनेच विचारलं.

केमोबद्दल डॉक्टर म्हणाले की आजार ज्या प्रमाणात पसरलाय त्यात तिन्ही एकत्र देता येतं, २०२२ पासून तसे अभ्यास आहेत, पण शुगर आधी आटोक्यात आणू आणि मग ठरवू. गोळी कुठली ते शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट बघून. मांडीचा एक्स-रे काढला, पोती बंद. बीआरसीएची जनुकीय तपासणीही सांगितली आहे, ते कशासाठी असतं?

निवृत्त_सर्जन

अतिशय उत्तम. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले हे सगळ्यात चांगलं झालं.

बीआरसीएमध्ये दोष सापडला तर पुढे गरज पडल्यास ओलापरिबसारखी औषधं वापरता येतात. आणि दुसरं म्हणजे हा दोष घराण्यात उतरतो, मुलग्यांत आणि मुलींतही, मुलींना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्हाला बहीण असेल तर तिलाही रिपोर्टची माहिती द्या. तुम्ही स्वतः पंचेचाळिशीच्या आसपास असाल तर पीएसएबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पीएसए आता झपाट्याने उतरेल. तो उतरला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. सहा-सात महिन्यांनी तो किती खाली गेलाय यावरून पुढचा अंदाज येतो, ०.२ च्या खाली गेला तर फार चांगलं लक्षण. पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासायला सांगा, ५० (एनजी/डीएल) च्या खाली हवं, शक्यतो २० च्या खाली. इंजेक्शन लागू पडतंय की नाही ते त्यातून कळतं.

औषधवाला_सदाशिव

हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. किडका दात काढायचा असेल तर आधीच काढा. ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असं काही जणांना होतं.

जुनं_खोड

कृष्णाकाठ, तुमच्या आईने सांगितलं ते योग्यच केलं. माझ्या भावाच्या वेळी वहिनीला कुणी विचारलंच नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ

सांगतो काका. सदाशिवराव, बाबांची एक दाढ हलतेय खरी, उद्याच दाखवतो.

नवी_सभासद_पनवेल

याच धाग्यावर विचारते. माझ्या वडिलांचा आजार फक्त प्रोस्टेटमध्येच आहे, ग्लीसन ४+४, रेडिएशन सांगितलंय आणि सोबत दोन वर्षं इंजेक्शन. शेजारच्या काकांना रेडिएशनबरोबर सहाच महिने दिलं होतं. आमच्या डॉक्टरांनी उगाच जास्त सांगितलंय का?

निवृत्त_सर्जन

नाही. मध्यम धोक्याच्या आजारात रेडिएशनसोबत साधारण चार ते सहा महिने देतात, जास्त धोक्याच्या आजारात दीड ते तीन वर्षं. ग्लीसन ४+४ जास्त धोक्यात मोडतो, शेजारच्या काकांचा आकडा कमी असणार. इथे वृषणं काढायच्या ऑपरेशनचा प्रश्न सहसा येत नाही, कारण मुदत संपली की इंजेक्शन थांबवायचं असतं. तुम्ही एवढंच विचारा की दोन वर्षं नीट झेपली नाहीत तर दीडवर थांबता येईल का, आणि इंजेक्शन रेडिएशनच्या किती आधी सुरू करणार. हृदयाचा काही त्रास असेल तर तोही पहिल्याच भेटीत सांगा.

नवी_सभासद_पनवेल

स्टेंट आहे त्यांना, पाच वर्षांपूर्वीचा. हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याचं काय काम असं वाटलं.

निवृत्त_सर्जन

मग पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी सांगा, कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन जा. कुठलं इंजेक्शन निवडायचं यात त्याचा विचार होतो, आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल या काळात जास्त घट्ट ठेवावं लागतं. अपॉइंटमेंट कधी आहे?

नवी_सभासद_पनवेल

सोमवारी. लिहिते इथेच काय म्हणाले ते.